गडावर सध्या: एक

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा हसण्यासाठी. वळणावर लिफ्ट मागणारा म्हातारा, बंद घरातून येणारा पैंजणांचा आवाज... मला दर वेळी वाटायचं, या लोकांना रात्रीची नीट झोप मिळाली तर सदर बंद पडेल. आज मीच लिहायला बसले आहे. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं, माझी ना नाही.

माझं पोट तर्कावर चालतं. मी वेबसाइट बनवते. केडगावात पुणे रोडपासून आत आमचं घर आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर माझी खोली. दोन स्क्रीन, एक इन्व्हर्टर आणि हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न. (आता अहिल्यानगर म्हणायचं, कागदावर तेच लिहिते, पण तोंडात नगरच येतं.) नवरा एमआयडीसीत शिफ्टला जातो, मी दिवसभर वर बसून डेटाबेसशी भांडते. आमच्या धंद्यात "आपोआप झालं" असं काही नसतं. कॉम्प्युटर सांगितलं तेवढंच करतो, आणि चूक असेल तर ती सांगणाऱ्याची असते. या एका वाक्यावर मी इतकी वर्षं नोकऱ्या केल्या, सोडल्या आणि स्वतःचं काम सुरू केलं.

माझं माहेर राजूरच्या पुढे, डोंगरात. गावाचं आणि गडाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण त्या गडावर माझ्या भावाचं घर चालतं. सोमनाथ, माझ्यापेक्षा लहान. भाताची थोडी जमीन आहे, पण पावसाळा सुरू झाला की पुण्या-मुंबईचे ट्रेकर येतात आणि हा त्यांना वर घेऊन जातो. त्याची बायको मनीषा पायथ्याला चहा आणि पिठलं-भाकरीचं छप्पर चालवते. गडावर मोबाईलला रेंज नाही. धुकं उतरलं की हाताची बोटं दिसत नाहीत. वाट सोडली की सरळ कडा. म्हणून गावातल्या गाईड लोकांचा एक नियम होता आणि तो मनीषा सांभाळायची. वर जाणाऱ्या प्रत्येक माणसामागे बिस्किटाच्या जुन्या डब्यात एक चिंचोका टाकायचा, तो माणूस उतरला की काढायचा.

"डब्यात राह्यलं म्हंजी वर राह्यलं," सोमा म्हणायचा. "मंग कुनी का आसंना, जावंच लागतं."

गर्दी वाढली तसे चिंचोके पुरेनात. म्हणून सोमानेच मला साइट करून मागितली. माझ्या दृष्टीने दोन दिवसांचं काम. एक फॉर्म: नाव, वय, गाव, घरच्यांचा मोबाईल. "चढले" आणि "उतरले" अशी दोन बटणं. मुखपृष्ठावर एकच मोठा आकडा, "गडावर सध्या:" आणि पुढे जितके असतील तितके. पायथ्याला मनीषाच्या मांडीवर टॅब.

ऑगस्टमध्ये मी ते दाखवायला माहेरी गेले. संगमनेरला बस बदलली, अकोले, राजूर, आणि पुढे सोमाच्या मोटारसायकलवर भिजत. दुसऱ्या दिवशी दुपारी, गडावर कुणी नसताना, आकडा ताडून बघावा म्हणून मी मनीषाचा डबा खाटेवर उपडा करायला घेतला. तिने माझा हात धरला.

"सगळा नका वतू वन्सं. एक राहू द्यायचा आसतो."

"आणि मग मोजायचं कसं गं?"

"एक सोडून मोजतो ना आमी. आबांपास्नं तसंच हाय."

आबा म्हणजे माझे वडील, आता हयात नाहीत. मी लहान असताना तेही लोकांना गडावर न्यायचे. तो एक चिंचोका मीही पाहिला असणार, पण कधी विचारलं नव्हतं. मी हसले. म्हटलं, आता तुझ्या एकाची गरज नाही, आता नीट मोजू. आणि टॅबवरून, तिच्या देखत, टेस्टिंगसाठी भरलेल्या सगळ्या नोंदी पुसून टाकल्या. आमच्या भाषेत टेबल रिकामं केलं.

स्क्रीनवर आकडा आला: गडावर सध्या: १.

मनीषाने वाकून पाहिलं. घाबरली वगैरे काही नाही. "बगा, हितं बी आलाच," एवढंच म्हणाली आणि चुलीकडे गेली. सोमा तर खूश. "म्हंजी बराबर चाललंय तुजं, ताई!"

मला मात्र राग आला. चुकलेला प्रोग्राम बरोबर आहे म्हणणारा माणूस आम्हाला सहन होत नाही.

केडगावला परत आल्यावर मी त्या एकाच्या मागे लागले. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सोपं करून सांगते. डेटाबेस म्हणजे एक तक्ता धरा, एका माणसाची एक ओळ. मी त्याला विचारलं, "ओळी किती?" तो म्हणाला, एक. मी म्हटलं, "ती ओळ दाखव." तो म्हणाला, एकही ओळ नाही. पुन्हा विचारलं, किती? एक. दाखव? नाही. खोलीत एक माणूस आहे असं घरातल्यांनी सांगावं आणि दार उघडलं की खोली रिकामी, असला प्रकार. हे होऊ शकत नाही. कठीण वगैरे नाही, होऊच शकत नाही.

पुण्यात माझ्या जुन्या टीममध्ये प्रणव होता. डेटाबेस हेच त्याचं आयुष्य, लग्नातही लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याला फोन केला.

"तुझ्या क्वेरीत, तुझ्या विचारण्यातच घोळ आहे," तो म्हणाला. "स्क्रीन शेअर कर, मिनिटात सांगतो."

मिनिटं गेली, मग त्याचा चहा झाला. हळूहळू त्याची बडबड कमी झाली. शेवटी म्हणाला, "सर्व्हरच बदल. नवा घे, कोरं टेबल बनव."

बनवलं. ज्यात आजवर एक अक्षर लिहिलं गेलं नव्हतं अशा कोऱ्या टेबलातसुद्धा एक.

"हे बघ," प्रणव म्हणाला, "तू ओळी मोजूच नकोस. घरच्यांचा मोबाईल भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही ना? मग ते नंबर मोज. हा जो कोण आहे त्याला नंबर नाही. कारण सापडेल तेव्हा सापडेल."

आमच्या धंद्यातला हा नेहमीचा तोडगा. मी तेच केलं. आकडा शून्य झाला. प्रणवला थँक्स म्हटलं, सोमाला कळवलं, आणि विषय डोक्यातून काढला. साइट छान चालली. लोक चढत होते, उतरत होते, संध्याकाळी आकडा शून्यावर यायचा आणि मनीषा छपराला कुलूप लावायची.

त्यानंतरचा सप्टेंबरमधला एक रविवार. केडगावात लख्ख ऊन पडलं होतं, खाली गल्लीत पोरांचं क्रिकेट चाललं होतं. मी दुसऱ्याच कुणाचं काम करत होते आणि बाजूच्या स्क्रीनवर सवयीने गडाची साइट उघडी होती. दुपार कलत आली तसा आकडा भराभर उतरत गेला. चार वाजायच्या सुमारास शून्य झाला. मी उठून चहा टाकला. कप घेऊन परत आले तर समोर: गडावर सध्या: १.

मला वाटलं, कुणीतरी उशिरा चढलं असेल. यादी उघडली. या वेळी ओळ दिसत होती! नाव रिकामं, वय रिकामं, गाव रिकामं. फक्त घरच्यांचा मोबाईल भरलेला.

तो माझा नंबर होता.

तुम्हाला वाटेल इथे मी घाबरले. मुळीच नाही. मी कपाळावर हात मारला. प्रोग्रामर माणूस टेस्टिंग करताना स्वतःचाच नंबर टाकतो, शंभरदा टाकतो. माझीच एखादी जुनी टेस्टिंगची ओळ राहून गेली असणार, असं मी धरून चालले. डिलीटची कमांड दिली. उत्तर आलं: काढलेल्या ओळी, शून्य. पुन्हा दिली. शून्य. आणि ओळ तिथेच.

तेवढ्यात लक्षात आलं की हाच आकडा मनीषालाही दिसत असणार. लगेच फोन लावला.

"मनीषा, तो एक दिसतोय ना, तो खोटा आहे. माझ्याकडूनच राहिलाय. सोमाला म्हणावं वर जाऊ नको."

"आवं, ते तर गेले मगाशीच," ती म्हणाली. "आमचं सगळं आवरल्यालं. एक दिसला तसे उठले. म्या म्हनलं, सगळे उतरल्यात, मी सोता बगितलंय. तर म्हनले, आकडा हाय ना, मंग जावंच लागतं."

"धुकं आहे का?"

"लई हाय वन्सं. समूरचं झाड दिसंना."

मी सोमाचा फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. तो लागणारच नव्हता, तरी लावत राहिले. आणि एकीकडे ती ओळ बघत होते. पान रिफ्रेश केलं. गावाचा रकाना भरलेला होता. माझं माहेर.

मनीषाला विचारलं, तू काही भरतेयस का? नाही म्हणाली. पुन्हा रिफ्रेश केलं. वय आलं. एकतीस. सोमा एकतीस वर्षांचा आहे.

 गाईड लोक स्वतःची नोंद कधीच करत नाहीत. गडावर "जातात" ते पाहुणे, हे तर तिथलेच, असा त्यांचा हिशोब. चिंचोक्यांच्या काळातही कुणी स्वतःसाठी चिंचोका टाकला नव्हता. म्हणजे सोमाची नोंद तिथे असायचं काही कारणच नव्हतं. मी चढण्याची वेळ पाहिली. ती आत्ताची नव्हती. त्या दिवसातली सगळ्यात पहिली नोंद होती ती, सकाळची, जेव्हा सोमा घरी चहा पीत होता आणि माझ्याशी फोनवर बोलत होता.

शेवटी नाव आलं. सोमनाथ, पुढे आबांचं नाव, पुढे आमचं आडनाव.

मला एकच कळलं. वर कुणी राहिलं होतं म्हणून सोमा गेला नव्हता. सोमा जावा म्हणून तो आकडा आला होता. आणि तो आकडा त्याच्यापर्यंत पोचवणारी साइट मी माझ्या हातांनी बनवली होती. भीती काय असते ते मला त्या उन्हात, त्या खोलीत कळलं. मी इथे केडगावात, तो तिथे धुक्यात कड्यावर, मध्ये चार-साडेचार तासांचा रस्ता. मी लॅपटॉपवर ओरडत होते, "सोमा, मागं फिर! मागं फिर रे!" खालची पोरं क्रिकेट थांबवून वर बघायला लागली.

मनीषाला सांगितलं, गावातले दोघं-तिघं बोलव, वर पाठव. ती रडायलाच लागली. "काय झालंय सांगा की वन्सं..." काय सांगणार? म्हटलं, काही नाही, तू फक्त माणसं बोलव, आणि फोन ठेवू नकोस.

आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या ओळीपुढे "उतरले" झालं. आकडा शून्य.

मी आनंदाने जवळजवळ किंचाळले. "आला ना? मनीषा, सोमा आला ना खाली?"

"न्हाई वो."

"मग बटण कुणी दाबलं?"

"टॅब माज्या मांडीवर हाय. म्या हातबी न्हाई लावला."

"वाटेवर बघ. कुणी येतंय का?"

फोनमध्ये नुसता वाऱ्याचा आवाज. मग हळूच म्हणाली, "कुनी न्हाई... पर आपलं कुत्रं उठलंय. वाटंकडं गेलंय." थोड्या वेळाने, त्याहून हळू: "शेपूट हालवतंय वन्सं. घरचं मानूस आल्यावानी."

"कुणापुढे?"

"कुनीच न्हाई हितं."

पुढचा वेळ कसा गेला ते मला आठवत नाही. मनीषा मोठ्याने देवाचं नाव घेत होती, मी फोन कानाला चिकटवून बसले होते. आणि मग तिच्या आवाजावरूनच कळलं. सोमा धुक्यातून खाली येत होता. नखशिखान्त भिजलेला, गुडघा खरचटलेला, पण धडधाकट. फोन घेऊन मलाच ओरडला, "आगं काय गाव गोळा केलास? कोन न्हाई वर. तुजं मशीन बिगडलंय!"

मी इतकी रडले की नवरा शिफ्टवरून आला तेव्हा त्याला वाटलं घरात कुणी गेलं.

भाऊबीजेला माहेरी गेले तेव्हा सोमाला खोदून विचारलं, वर नेमकं काय झालं? आधी उडवून लावलं. मग ताटावर बसल्यावर आपणच म्हणाला, "वरच्या पान्याच्या टाक्यापतोर गेल्तो. हाका मारल्या. मंग माघारी फिरताना वाट सुटली माजी. आता लहानपनापास्नं त्या वाटंनं चालतोय मी, कदी सुटली न्हवती. कडा जवळ हाय एवडं कळत हुतं. तेवड्यात म्होरं कुनीतरी चालताना दिसलं. म्हनलं, सापडला गडी. हाका मारल्या तर वळून बगंना. मंग त्याच्याच मागं मागं उतरलो. खाली बगतो तर कोन न्हाई."

"कसा होता दिसायला?"

"पाठमोराच हुता सारा येळ," सोमा म्हणाला आणि भाकरी मोडायला लागला.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, आबा असतील. त्यांनीच पोराला खाली आणलं, आणि हा अनुभव मी हात जोडून लिहिला असता. मनीषा तेच मानते. मलाही तसंच मानायचं होतं. पण पुढचं मी अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही.

त्या रविवारनंतर तो कोऱ्या टेबलातला एक गेला. मी पुन्हा ओळी मोजून पाहिल्या, जुन्या सर्व्हरवर, नव्या सर्व्हरवर. रिकाम्या टेबलात शून्य, जसं असायला हवं तसं. मी प्रणवला कळवलं, तोही सुटल्यासारखा हसला. मग मी सोमाला दम दिला की यापुढे गाईडनेही स्वतःची नोंद करायची, त्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. त्याने कुरकुर केली, पण ऐकलं. पहिल्या दिवशी तो एकटाच वर गेला, दोर तपासायला. मनीषाने त्याची नोंद केली. मी इथून पाहिलं. यादीत ओळ होती. नाव, वय, गाव, माझा नंबर, सगळं जागच्या जागी.

आकडा होता शून्य.

मनीषाला मी म्हटलं, मशीन अजून बिघडलेलंच आहे, आणि इकडे डेटाबेसला विचारलं, ती ओळ दाखव. दाखवली. ओळी किती? शून्य.

पाहुणे गेले की आकडा बरोबर येतो. मनीषाची नोंद केली, एक आला. गावातल्या दुसऱ्या गाईडची केली, एक आला. दोघांची मिळून दोन. त्यांत सोमाची घातली, तरी दोनच. नाव वेगळ्या तऱ्हेने लिहून पाहिलं, दुसरा नंबर दिला, सर्व्हर पुन्हा बदलला. प्रणवला दाखवलं. त्याने दोनदा स्वतः मोजून पाहिलं आणि म्हणाला, "मला हे परत दाखवू नकोस." तेव्हापासून तो माझे फोन उचलत नाही.

मुद्दाम सांगते, सोमा बदललेला नाही. लोक असल्या गोष्टीत म्हणतात, डोळे वेगळे दिसायला लागले, बोलणं तुटलं. तसलं काही नाही. तो पहिल्यासारखाच चेष्टा करतो, पहिल्यासारखाच जास्त तिखट खातो, भाऊबीजेला ओवाळताना लहानपणीसारखाच वेडंवाकडं तोंड करून मला हसवतो. मी त्याच्या कपाळाला टिळा लावला तेव्हा कपाळ गरम होतं, माणसाचं असतं तसं. माझा भाऊ माझ्यापुढे बसला होता. आणि तरी मी निरांजनाच्या उजेडात त्याच्याकडे बघत होते, आणि मनात एकच प्रश्न घोळत होता. त्या दिवशी दोघं उतरले. आधी एक उतरला, ज्याचं नाव सोमनाथ होतं आणि जो कुणाला दिसला नाही. त्याच्या मागून एक उतरला, जो सगळ्यांना दिसला. मग माझ्यापुढे बसलाय तो यांतला कोण?

मला याचं स्पष्टीकरण माहीत नाही. कुणा जाणकाराला डेटाबेसच्या अंगाने काही सुचत असेल तर जरूर कळवा, मी कोड उघडून दाखवायला तयार आहे. खरं तर चूक माझ्याच कोडमध्ये निघावी यासाठी मी देवाला नारळ बोलले आहे. मी, जिने आयुष्यात कधी नारळ बोललेला नाही.

सोमा आजही गडावर जातो. उन्हं उतरायला लागली की मी केडगावातून त्याला फोन लावते. आधी लागत नाही, मग कधीतरी लागतो. "उतरलास का रे?" मी विचारते. "उतरलो, ताई," तो म्हणतो. आवाज त्याचाच असतो. मी फोन ठेवते, आणि तरीही साइट उघडून बघते. तो एकटा वर असताना तिथे शून्य असतं, खाली आल्यावरही शून्यच असतं.